अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न

चौसाळा,
१० नोव्हेंबर २०२४

सौ. नीला हिस शरणार्थ.

नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायचा अशी आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. पण तू आता परदेशाची नागरिक व्हायच्या वाटेवर आहेस, तेव्हा आपल्या लिंगायतांचा शरणार्थच बरा. त्यात कुणी लहान-मोठं नसतं.

परवा प्रणिताचा फोन आला. म्हणाली, "अप्पा, आईचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू मार्चमध्ये येईल असं दिसतंय. अमेरिकेच्या सरकारावर शंभर प्रश्न असतात. त्यातले दहा विचारतात, सहा बरोबर आले की पास. आई इंग्रजीत घोकते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. तुम्ही तिला मराठीत समजावून लिहून द्या ना, इंग्रजीचं मी बघते." मी म्हटलं, माझी फी परवडेल का. ती हसली नाही. तुमच्या ओहायोत विनोदाला बंदी असावी.

तर व्यवस्था अशी. मी पत्र लिहून त्याचा फोटो प्रणिताला पाठवायचा, तिने तो मोठा करून छापायचा आणि तुझ्या हातात द्यायचा. तुझी उत्तरपत्रिका त्याच रस्त्याने परत. तुझा नंबर माझ्याकडे आहे, माझा तुझ्याकडे आहे, पण सहा वर्षांत त्याचा उपयोग वाढदिवसापुरता झाला. फोनवर मला ऐकू कमी येतं आणि तुला बोलावंसं कमी वाटतं. हेच बरं.

गंमत बघ. एकतीस वर्षं मी बीडच्या कॉलेजात बी.ए.च्या पोरांना अमेरिकेची राज्यघटना शिकवली. रोज एस.टी.ने गेलो, फळ्यावर काँग्रेस काढली, सिनेट काढलं. त्या पोरांतलं कुणी अमेरिकेला गेलं नाही, मीही गेलो नाही. गेलीस ती तू, सातवी शिकलेली. ऋतुजाच्या वेळी प्रणिताच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांसाठी गेलीस. मग लेकीने आपल्या दोघांचे कायम राहायचे अर्ज भरायला घेतले. तुझा गेला. माझा मी भरला नाही. का भरला नाही, हा आजचा विषय नव्हे.

आजचा विषय पहिला प्रश्न. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? उत्तर: द कॉन्स्टिट्यूशन. म्हणजे राज्यघटना. राष्ट्राध्यक्ष कितीही मोठा असला तरी तो घटनेखाली. आपल्या घरात सर्वोच्च कायदा माझ्या आईचा शब्द होता, हे तुला सांगायला नको. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून दर अमावस्येला बदलायचा. घटना लिहून ठेवतात ती यासाठी.

दुसरं. घटनेचे पहिले तीन शब्द: वी द पीपल. आम्ही लोक. वर्गात मी इथे दरवर्षी थांबायचो आणि विचारायचो, हे 'आम्ही' म्हणजे कोण रे? पोरं खिडकीबाहेर बघायची. 'आम्ही'त गुलाम नव्हते आणि बायका तर नव्हत्याच. बायकांना मत मिळायला त्यांना सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. तू हे तीन शब्द पाठ कर, पण त्यांच्यावर एकदम विश्वास ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. चन्नप्पा खालच्या दुकानातून डबा वर पाठवतो म्हणतो. मी म्हटलं, सख्खा धाकटा भाऊ असलास तरी तुझ्या बायकोच्या हातचं तिखट मला सोसत नाही. भाकरी मीच थापतो. कडक भाकरी करायला गेलो होतो, ती इतकी कडक झाली की कुत्र्याने वास घेऊन सोडून दिली.

पहिली दहा उत्तरं लिहून पाठव. शुद्धलेखनाचे गुण नाहीत, पण मी बघणार.

राजेश्वर


चौसाळा,
१ डिसेंबर २०२४

सौ. नीला हिस शरणार्थ.

उत्तरपत्रिका मिळाली. दहापैकी आठ. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं. लाल पेनाने तपासून परत पाठवली आहे, नीट बघून घे.

प्रणिता म्हणाली, तू तिथे कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून एका भारतीय दुकानात ठेवतेस, आणि पाकिटावर 'नीला' असं छापलंय. दोन वर्षं झाली म्हणे. मला कुणी कळवलं नव्हतं. चांगलंच आहे.

आता सत्तेचे तीन भाग. कायदे करणारे, राबवणारे आणि निवाडा करणारे. एकाच्या हाती तिन्ही गेले की माणूस माजतो, म्हणून वेगळे ठेवायचे आणि प्रत्येकाने दुसऱ्याला लगाम घालायचा. चन्नप्पाचं दुकान घे. माल आणणं, पोती उतरवणं, गिऱ्हाइकावर ओरडणं हे तो करतो, म्हणजे तो राष्ट्राध्यक्ष. पण गल्ल्याची किल्ली त्याच्या बायकोच्या, छबुबाईच्या कमरेला. तिने दिल्याशिवाय एक पोतं येत नाही. ती काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. दोघांचं बिनसलं की वर माझ्याकडे येतात. मला ना फौज, ना गल्ला, नुसता निकाल द्यायचा. मी सुप्रीम कोर्ट. माझा निकाल दोघंही मानत नाहीत, इथे उदाहरण संपतं.

राष्ट्राध्यक्षाला व्हेटो आहे. काँग्रेसने पाठवलेल्या कायद्याला तो नाही म्हणू शकतो. पण त्याहून मजेदार असतो तो खिशातला व्हेटो. अधिवेशन संपत आलंय, कायदा सहीला आलाय. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कागद खिशात ठेवतो. अधिवेशन संपतं, कायदा आपोआप मरतो. कुणाला दोष नाही. प्रणिता म्हणेल की हे शंभर प्रश्नांत नाही. नसू दे. विषय कळल्याशिवाय पाठांतर टिकत नाही.

हेही नाही त्या शंभरात, पण सांगतोच, कारण हे माझं आवडतं. मार्बरी नावाचा एक गृहस्थ. जुना राष्ट्राध्यक्ष जाता जाता त्याला न्यायाधीश नेमून गेला. हुकूम तयार, सही झालेली, शिक्का बसलेला, फक्त त्याच्या हातात द्यायचा राहिला. नवीन सरकार आलं, ते देईना. मार्बरी सुप्रीम कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, बाबा रे, हक्क तुझाच आहे. पण ज्या कायद्याच्या जोरावर तू आमच्याकडे आलास, तो कायदाच घटनेत बसत नाही, तेव्हा तो रद्द. कायदे रद्द करायची ताकद कोर्टाला मिळाली ती त्या दिवशी. सगळी पुस्तकं त्या निकालाचे गोडवे गातात. मार्बरी मात्र हात हलवत घरी गेला. त्याचं पुढे काय झालं, हे एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही.

थंडी पडली आहे. तुझी गोधडी काढली. माझी उसवली आहे म्हणून.

राजेश्वर


चौसाळा,
३१ डिसेंबर २०२४

सौ. नीला हिस शरणार्थ.

या वेळी दहापैकी नऊ, आणि वर एक जादा. जादा गुण कशाचा ते सांगतो. पानाच्या मागे तू लिहिलंस: "खिशातला नकार मला शिकवू नगा. स्टँडासमोरच्या गाळ्याचा कागद तुमच्या सदऱ्याच्या खिशात तीन म्हैने होता. मी भाकरीचा धंदा टाकते म्हणलते. तुमी हो म्हणला न्हाईत, न्हाई म्हणला न्हाईत. मुदत गेली, गाळा पंक्चरवाल्याला गेला."

उदाहरण अचूक आहे, म्हणून गुण दिला. मात्र मी नाही म्हणालो नव्हतो, ही नोंद असावी. प्राध्यापकाच्या बायकोने स्टँडवर भाकऱ्या विकाव्यात का, याचा विचार चालू होता. विचाराला वेळ लागतो.

आता न दिलेल्या गुणाबद्दल. दहाव्या ठिकाणी तू माझ्या प्रश्नाचं उत्तर न लिहिता आपलाच प्रश्न लिहिलास: "साहेब फॉर्म बघून इचारतो म्हणे, लग्न झालंय का, नवरा कुठं हाय, येगळे राहता का. शपथ घेऊन सांगावं लागतं. तिथं मी काय सांगू?" हा शंभरातला नाही. अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, तसा शेरा मारला आहे. तुझं सगळं लक्ष शंभरावर हवं.

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या झाली. गाव ओस, सगळे रानात. चन्नप्पाने कडब्याची कोप उभी केली, पूजा मांडली. छबुबाईने भज्जी, उंडे, आंबील सगळं साग्रसंगीत केलं होतं. आंबील तुझ्यासारखी नव्हती. शेजारच्या रानातल्या वत्सलाबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सर, बाई कवा येणार?" मी नेहमीप्रमाणे म्हटलं, येईल. माणसं जेवून ज्वारीच्या कडेला आडवी झाली, आणि चन्नप्पाने मला बांधाकडे नेलं.

"आण्णा, एक इचारायचं होतं. उन्हाळ्यात सीताफळाचे खड्डे घ्यायचेत. वळ पार ह्या कोपऱ्यापातूर येती. आबाची आन् आईची जागा सोडली. तुमची बी सोडली. वहिनीची सोडायची का?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हणजे बघू."

 आबांच्या समाधीवर वाळलेली पानं होती, ती तो हाताने बाजूला करत बसला.

यावरून आठवलं, पहिली घटनादुरुस्ती. भाषण, धर्म, सभा, छपाई यांचं स्वातंत्र्य. धर्माचं स्वातंत्र्य म्हणजे ज्याने त्याने आपल्या रीतीने वागावं, सरकारने मध्ये पडू नये. मी इथे एक मुद्दा काढून ठेवला आहे. तिकडे माणसाला पेटीत आडवं निजवतात. आपल्यात गळ्यातलं लिंग तळहातावर देऊन, मांडी घालून बसवतात. उद्या कुणी तुला म्हणालं की आमच्याकडे अशी पद्धत नाही, तर घाबरायचं नाही. पहिली दुरुस्ती, 'फ्री एक्सरसाइज', म्हणजे धर्म पाळायची मोकळीक. बसवावंच लागेल. प्रणिता हे छापताना चिडेल, पण कामाचं आहे.

दुरुस्त्या दोन ते दहा पुढच्या वेळी.

राजेश्वर


चौसाळा,
१४ जानेवारी २०२५

सौ. नीला हिस शरणार्थ.

हे पत्र टपालाने पाठवतो आहे. प्रणिताच्या फोनवरून जाणार नाही आणि ती वाचणार नाही. पोस्टमास्तर बिभीषणने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, "सर, अमेरिकेला अजून कागदाचं पत्र जातंय व्हय?" मी म्हटलं, तू तिकीट लाव.

प्रणिताचा फोन आला होता. तू गेले दोन आठवडे वही उघडली नाहीस म्हणाली. उत्तरपत्रिका हातात घेतलीस, बघितलीस आणि उठून भाकऱ्या थापायला गेलीस. मग तिने स्वतः ती बघितली. "अप्पा, आईने एवढं विचारलं आणि तुम्ही त्यावर 'अभ्यासक्रमाबाहेर' लिहिलंत? लाल पेनने?" मी म्हटलं, शेरा लालच असतो. तिने फोन ठेवला. बापाचा फोन असा ठेवायला ती कधी शिकली माहीत नाही.

त्या वेळी लिहिताना मला ते योग्य वाटलं. अजूनही नियमाला धरून आहे. पण तू वही मिटलीस हे मला आवडलं नाही. तेव्हा उत्तर देतो.

कायद्याने बघू. आपलं लग्न रीतसर झालेलं आहे, आपल्या जंगम अय्यांनी लावलेलं, दोन्हीकडची पाचशे माणसं जेवून गेली. घटस्फोट झालेला नाही. वेगळं राहण्याचा कोर्टाचा हुकूम नाही. दोघंही हयात आहोत. कामासाठी नवरा-बायको दोन ठिकाणी राहतात, फौजेतल्या माणसांचं काय असतं मग. तेव्हा साहेबाने विचारलं तर 'मॅरीड' म्हणायचं. लग्न झालेलं आहे. हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

शिवाय पाचवी दुरुस्ती लक्षात ठेव. स्वतःच्या विरोधात साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. गप्प राहण्याचा माणसाला हक्क आहे.

तू वही उघड. इथे मी रोज दिवेलागणीला शंभर प्रश्न मोठ्याने वाचतो, घटनेवर किती दुरुस्त्या झाल्या, सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, ओहायोची राजधानी कोणती. मग उत्तरंही मीच देतो. छबुबाईने एकदा खालून विचारलं, "भावजी, पाव्हणे आलेत का वर?" मी म्हटलं, हो. ती दोन कप चहा घेऊन वर आली. मला दोन्ही प्यावे लागले.

तिळगूळ पाकिटात बसत नाही. बिभीषण नको म्हणाला.

राजेश्वर


चौसाळा,
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. नीला हिस शरणार्थ.

माझं पत्र पोचलं हे तुझ्या उत्तरावरून कळलं. उत्तराचा फोटो या वेळी तुझ्याच नंबरवरून आला. कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय, त्यावर भाजल्याचा डाग आहे. तव्याचा असेल. जपून.

तू लिहिलंस: "म्हंजे माझं त्या मार्बरीवानी झालं. हक्क हाय, पर हातात काय न्हाई. मी कायद्याचं इचारलंच न्हवतं. तुमाला काय वाटतंय ते इचारलं. आन् गप बसायचा हक्क तुमाला लखलाभ, मला न्हाई जमत. मार्बरीचं फुडं काय झालं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न विचारणारी तू पहिली. तर ऐक. मार्बरी खाऊनपिऊन सुखी होता, पुढे एका बँकेचा प्रमुख झाला. पण ती नेमणूक त्याला मिळाली नाही. सुप्रीम कोर्टाने फक्त एवढंच म्हटलं होतं की आमच्याकडे येऊ नकोस. खालच्या कोर्टात जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. तिथे मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. त्याने पुन्हा मागितलंच नाही. का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. अभिमान असेल, कंटाळा असेल.

अठरा मार्च तारीख पक्की झाली असं प्रणिता म्हणाली. माझ्याशी ती आता मोजकंच बोलते. तारीख, वेळ, हवामान. तर तयारी सांगतो. सुती साडी नेस, तिथे खुर्च्या घसरतात असं ऐकलंय. प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांब, तुझी मध्येच बोलायची सवय आहे. एक वाक्य वाचायला आणि एक लिहायला देतात. 'सिटिझन्स कॅन व्होट' हे रोज लिही. नागरिक मत देऊ शकतात. इथे आपण बूथवर जोडीने जायचो आणि वाटेत मी तुला चिन्ह सांगायचो. तिथे प्रणिताने चिन्ह सांगितलं तर ऐकू नकोस.

पास झालीस की पुढे शपथ असते. तीही मागवून वाचली. परक्या राजा-सरकारांवरची निष्ठा पूर्णपणे सोडतो असं म्हणायचं असतं. नवऱ्याचा उल्लेख नाही. मी दोनदा वाचलं.

तुझा पासपोर्ट मग इकडचा राहणार नाही. इथे यायचं तर तुला पाहुण्यासारखी परवानगी लागेल. चौसाळ्यात, स्वतःच्या घरात. असा कायदा आहे, मी शिकवला आहे, पण तो घरातल्या माणसावर चालवून बघायची वेळ आली नव्हती.

चन्नप्पाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा बघू म्हणालो.

मला काय वाटतं, हे तू विचारलंस. मी तीन कागद फाडले. मला करमत नाही, नीला. हे वाक्य खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद पाठवायची मला सवय नाही, म्हणून राहू देतो. याला उत्तर समजू नकोस. उत्तर मी इंटरव्ह्यूच्या आधी लिहीन. नक्की लिहीन.

राजेश्वर


चौसाळा,
२४ मार्च २०२५

नीला,

मायन्यात काय लिहावं कळेना. 'सौ.' लिहायचा मला अधिकार उरलाय की नाही हे आता तू सांगायचं आहेस, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मी आधी लिहिलं नाही. रोज लिहायला बसलो आणि रोज दुसरं काही काम निघालं. तुला हे नवीन नाही.

प्रणिताने फोनवर सगळं सांगितलं. सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर, सातवा विचारायची गरजच पडली नाही. 'वी द पीपल' तू इतक्या ठणठणीत आवाजात म्हणालीस की साहेब हसला. वाक्य वाचलंस, लिहिलंस. मग त्याने फॉर्म पुढे ओढला आणि एकेक रकाना विचारत गेला. लग्न झालंय? हो. नवरा तुमच्याबरोबर राहतो? नाही. किती वर्षं? तू सांगितलंस. मग त्याने विचारलं, सेपरेटेड? तू त्याला म्हणालीस, या शब्दाचा अर्थ मला सांगा. तो म्हणाला, नवरा-बायको म्हणून आता एकत्र नाही. तू म्हणालीस, येस सर. त्याने पेनाने आधीची खूण खोडली, दुसरी केली आणि तुला शेजारी सही करायला लावली.

गाडीत प्रणिता रडली, तू नाही रडलीस. तिला म्हणालीस, "सकाळधरनं फोन बघत व्हते. तुझ्या अप्पाचं कायतरी येईल म्हणलं. न्हाई आलं. मग हात वर करून शपथ घेतल्यावर खोटं कसं बोलू?"

हे ऐकून मी फोन ठेवला. त्यानंतर चार दिवस मी खाली उतरलो नाही. राग आला नाही. यावा असं वाटलं तरी त्याला जागाच नव्हती. तू सगळी उत्तरं बरोबर दिलीस, सातवंसुद्धा.

मला फार वाईट वाटलं, एवढं लिहितो. रात्रंदिवस या घरात नुसता माझाच आवाज असतो, आणि तो प्रश्न वाचणारा. आता प्रश्नही संपले. काल सकाळी मी सवयीने 'देशाचा सर्वोच्च कायदा कोणता' असं म्हणालो आणि मग लक्षात आलं की कुणाची परीक्षा राहिलेली नाही.

काल संध्याकाळी दुकानात गेलो. चन्नप्पा तुरीची पोती लावत होता. म्हणाला, "आण्णा, जेसीबीवाला फुडल्या सोमवारी येतोय. त्या जागेचं काय करायचं?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो."

"कुणाला?"

"तुझ्या वहिनीला."

त्याने पोतं खाली टाकलं. "तुमी? तुमी वहिनीला इचारून सांगणार?" छबुबाई आतून बाहेर आली, खरंच मी बोललो का ते बघायला. चन्नप्पा तिला म्हणाला, "ऐकलं का, आण्णा इचारणारेत." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "इचारू द्या की मग. हसता कावून?" पण तीही हसत होती. मला हसू आलं नाही, कारण आठवून बघितलं तर त्यांचं खरं होतं. तुझ्या-माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. या काळात मी तुला काय काय सांगितलं ते आठवतं. विचारलेलं एकही आठवेना.

म्हणून हे पत्र टपालाने जाणार नाही आणि प्रणिताकडूनही नाही. तुझ्या नंबरवर पाठवतो आहे. अक्षर मोठं काढलंय, फोनवर वाचता येईल.

आधी तुझ्या फेब्रुवारीतल्या प्रश्नाचं उत्तर. मला वाटतं, तू यावंस. म्हातारपणी माती द्यायला आणतात तशी नव्हे, त्याच्या आधी, चालती-बोलती. आणि वाटतं की तू तिथे नागरिक व्हावंस, तुझ्या नावाची पाकिटं त्या दुकानात वाढावीत. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या मला माहीत नाही. घटनेत असं कलम नाही. शपथेला अजून महिना आहे, पण तू शपथ घे, मी म्हणतो म्हणून थांबू नकोस. तू साहेबाला जे सांगितलंस तेही बदलू नकोस. ते खरं होतं.

आता माझा प्रश्न. शेतात आईच्या डाव्या अंगाला माझी जागा आहे, माझ्या जागेपलीकडे एक मोकळी आहे. ती तुझी आहे असं सगळे आजवर धरून चालले, मीही. तुला कुणी विचारलं नव्हतं. तुला तिथे नको असेल, तर नको म्हण. मी चन्नप्पाला तसं सांगेन, तो तिथे सीताफळ लावेल, आणि मी तुला त्याचा कधी शब्द काढणार नाही. हवी असेल तर हवी म्हण. काहीही म्हण, पण गप्प राहू नकोस. गप्प राहून काय होतं ते मी बघितलं.

जेसीबी पुढच्या सोमवारी आहे. जागा ठेवू का?

राजेश्वर